चार तास एकाच चित्त्याजवळ

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून परत येऊन तीन आठवडे झाले, अजून रोज कोणी ना कोणी विचारतंच की बिग फाइव्ह दिसले का. चार दिसले, गेंडा नाही दिसला. पण मला त्या पाचांबद्दल लिहायचंच नाहीये. ती यादी मुळात शिकाऱ्यांची आहे, बंदूक घेऊन पायी मागावर गेलं की उलटून जीव घेऊ शकतात असे पाच प्राणी, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे तरी यादी चालूच आहे. चित्ता त्यात नाही कारण तो माणसावर चालून येत नाही, निघून जातो. आणि सहा दिवसांत मी जे काही बघितलं त्यातलं सगळ्यात जास्त मनात राहिलंय ते एक चित्ता मादी आणि तिची तीन पिल्लं, म्हणून हे सगळं तिच्याबद्दल, बाकीचं मध्ये मध्ये येईल तसं येईल.

मी आणि ताई, दोघीच गेलो होतो, सप्टेंबरमध्ये. नैरोबीहून गाडीने रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरून नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात. (सफारी हा स्वाहिली शब्द अरबी सफरवरून आलाय, म्हणजे आपण सफर म्हणतो तोच, हे गाडीत कळलं आणि एकदम जवळचं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.) मारा रिझर्व्ह साधारण १५०० चौरस किलोमीटर, दक्षिणेला टांझानियाचं सेरेंगेटी त्याला लागूनच, मध्ये कुंपण वगैरे काही नाही, जनावरं हवी तशी ये-जा करतात. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला रिझर्व्हचं तिकीट दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००, तेव्हा बजेट आखताना हे आधी बघा. आणि गरम कपडे न्या. विषुववृत्त एवढं जवळ म्हणून उकडेल असं वाटतं पण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या छताच्या लँड क्रूझरमध्ये दात वाजतात अक्षरशः.

पहिले दोन दिवस आम्ही रिझर्व्हमध्ये होतो. ड्रायव्हर-गाईड मंडळी एकमेकांशी रेडिओवर स्वाहिलीत बोलत असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याही कानाला शब्द ओळखीचे झाले, सिंबा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, फिसी म्हणजे तरस, आणि दुमा म्हणजे चित्ता. तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर "दुमा, दुमा" झालं आणि आम्ही सुसाट निघालो. पोचलो तर एका झुडपाभोवती गाड्यांचं कडं. मी मोजल्या, सतरा. नियम पाचचा आहे, एका शिकारी प्राण्याजवळ एका वेळी पाच गाड्या आणि निदान २५ मीटर अंतर, गेटवर कागद देतात त्यावर लिहिलेलं असतं. कोणीच पाळत नव्हतं. झुडपाखाली एक मादी होती, तीन वेळा उठली, तीन वेळा कुठल्या तरी बंपरपर्यंत जाऊन परत येऊन बसली. तिला दोन गाड्यांच्या फटीतून पलीकडचं माळरान दिसत होतं, तिथे गॅझेल हरणं चरत होती, आणि ती फट कोणीतरी पुढे येऊन बंद करायचं. आमचीही गाडी त्या कड्यात होती. ताईने दुर्बीण खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं हिला जाऊ दे ना कुठेतरी."

रात्री जेवताना ताईने गाईडला सरळ विचारलं की याचा काही परिणाम होतो का. तो म्हणाला होतो तर, इथेच मारात अभ्यास झालाय. परत आल्यावर मी तो शोधून वाचला, २०१८ साली प्रसिद्ध झालाय. जिथे पर्यटकांच्या गाड्या खूप तिथल्या चित्ता माद्यांनी वाढवून मोठी केलेली, म्हणजे आईला सोडून स्वतंत्र होईपर्यंत जगलेली पिल्लं दर वेतामागे सरासरी ०.२. जिथे गाड्या कमी तिथे २.३. हे दोन आकडे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आपण बघायला जातो, पैसे भरतो, त्या पैशांवर जंगल चालतं हे सगळं खरं, आणि हेही खरं.

त्याच रात्री आम्ही ठरवलं की उद्यापासून धावायचं नाही. गाईडला सांगितलं, आम्हाला एकच प्राणी मिळाला तरी चालेल, दिवसभर त्याच्याजवळ बसू, लांबून बसू. तो आधी जरा आमच्या तोंडाकडे बघत राहिला, मग म्हणाला "पोले पोले", म्हणजे हळूहळू, सावकाश. आणि खुश झाला तो, ते दिसतंच चेहऱ्यावर.

तिसऱ्या दिवशी आम्ही नाबोईशो कॉन्झर्व्हन्सीत गेलो. हा प्रकार आधी माहीत नव्हता म्हणून थोडं सांगते. रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या जमिनी आहेत, ती कुटुंबं एकत्र येऊन जमीन कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात, भाडं दर महिन्याला ठरलेलं मिळतं, आणि गुरं ठरवून दिल्याप्रमाणे आळीपाळीने चरतात. नाबोईशो २०१० मध्ये सुरू झालं, ५० हजार एकरांच्या वर जमीन आहे आणि पाचशेच्या वर जमीनमालक. तिथे फक्त आतल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्यांनाच फिरता येतं त्यामुळे गाड्या अगदी मोजक्या. मला तर वाटतं पैसे साठवून दोनच दिवस मिळत असतील तर ते दोन्ही दिवस कॉन्झर्व्हन्सीत घालवावेत.

तिथला गाईड मसाई, त्याच भागात लहानपणी गुरं राखलेला. त्याच्याकडून मी जे शिकले ते कुठे वाचून कळलं नसतं. तो मांजरकुळातला प्राणी शोधतच नाही, तो बाकीच्यांचे चेहरे बघतो. जिराफ एकाच दिशेला टक लावून उभा आहे आणि चघळायचा थांबलाय, इंपाला हरणं नाकातून फुरफुरतायत, झेब्र्यांचे कान सगळे एकीकडे वळलेत, गिनी फाउल पक्षी अचानक कलकलाट करतायत, की तो गाडी तिकडे वळवणार. टोपी नावाचा एक लालसर तपकिरी मोठा अँटिलोप, म्हणजे हरणासारखा प्राणी असतो (हो, टोपीच, आपल्या डोक्यावरच्या टोपीसारखं म्हणायचं), त्याला वारुळावर चढून उभं राहायची सवय आहे, पुढचे पाय वर, पाठ उताराची, तासन्‌तास पहारेकऱ्यासारखा. आम्हाला चित्ता सापडला तो टोपीमुळेच. पावणेसातची वेळ असेल, सूर्य नुकताच वर आलेला, एक टोपी समोर बघून फुस्स करत होता, आणि गाईड हळूच म्हणाला, "अंगालिया." बघा.

मला आधी काहीच दिसलं नाही. गवत फार उंच नव्हतं, विल्डबीस्टच्या कळपांनी खाऊन बुटकं केलेलं, पण त्यातही दिसेना. मग एका वारुळाचा वरचा भाग हलला आणि तो तिचं डोकं होतं.

आम्ही चाळीस-पन्नास मीटरवर थांबलो, इंजिन बंद. दुर्बिणीतून तिचा चेहरा इतका जवळ आला की मी श्वास धरला. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत येणाऱ्या त्या दोन काळ्या रेघा फोटोत नेहमीच बघतो आपण, पण प्रत्यक्षात त्या ओल्या वाटतात, आत्ताच काजळ ओघळलंय अशा. डोळे मधासारखे. कान बारके, गोल, सारखे फिरणारे. मानेवर दवाने केस चिकटलेले. पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या मोजता येतील इतकं. आणि तिच्या पाठीमागून एक एक करत तीन करड्या गोंड्यांसारखी पिल्लं वर आली. अडीच-तीन महिन्यांची असतील असं गाईड म्हणाला. चित्त्याच्या पिल्लांना या वयात मानेपासून पाठीवर लांब चंदेरी राखाडी केस असतात, लांबून बघितलं तर हनी बॅजर वाटावीत अशी. हनी बॅजर हा छोटा पण भयंकर चिवट प्राणी, त्याच्या वाट्याला कोणी सहसा जात नाही, म्हणून या केसांमुळे पिल्लं वाचत असतील असं एक मत आहे, शिवाय गवतात लपायलाही ते उपयोगी पडतात.

बापाचा पत्ता नाही, चित्त्यांमध्ये तो नसतोच पिल्लं वाढवायला. नर बरेचदा भाऊ भाऊ मिळून टोळी करून राहतात, मारात पाच नरांची टोळी होती, तानो बोरा म्हणून जगभर फोटो गेले त्यांचे. मादी मात्र एकटी. दीड वर्षाची होईपर्यंत पिल्लांना सांभाळायचं, त्यांच्यासाठी शिकार करायची, सिंह आणि तरसांपासून लपवायचं, सगळं एकटीने.

पहिला प्रयत्न साडेसातच्या सुमारास. उताराखाली टॉमींचा छोटा कळप होता (थॉमसन्स गॅझेलला तिथे सगळे टॉमीच म्हणतात). ती वारुळावरून उतरली आणि पिल्लं जागीच बसली, कोणी सांगितलं, कसं सांगितलं काही कळलं नाही. ती चालायला लागली तेव्हा डोकं खांद्यांच्या खाली. टॉमीने मान खाली घातली की दहा पावलं, मान वर केली की दगड. एकदा ती पुढचा एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहिली, ताईने घड्याळ लावलं, दोन मिनिटं वीस सेकंद, पंजा हवेत. आणि मग तो सकाळचाच टोपी फुरफुरला. सगळ्या टॉमींनी माना वर केल्या, दोघंतिघं चारही पाय ताठ करून जागच्या जागी उंच उड्या मारायला लागले, मी तंदुरुस्त आहे माझ्या मागे लागू नकोस असं सांगायची ती पद्धत मानतात. ती सरळ उभी राहिली, लपायचं सोडूनच दिलं, आणि परत पिल्लांकडे आली. चिडचिड नाही काही नाही. पिल्लांनी तिच्या शेपटीशी खेळायला सुरुवात केली.

मग दीड तास काहीच झालं नाही, आणि मी हा दीड तास कशाच्याही बदल्यात देणार नाही. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढून घसरायचं. दुसरं एका शेणकिड्याच्या मागे लागलं होतं, कीडा थांबला की ते थांबायचं, हुबेहूब आईसारखा एक पाय वर करून. तिसरं जरा लांब गेलं आणि आईने हाक मारली, आणि ती हाक पाखरासारखी, चिऊ असा बारीक तीक्ष्ण आवाज, माझा विश्वासच बसेना की एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून हा आवाज आला. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो आणि पाखरासारखी हाक मारतो.

दुसरा प्रयत्न साडेनऊनंतर. एक टॉमीचं कोवळं पिल्लू गवतात बसलेलं होतं आणि त्याची आई लांब गेली होती, आम्हाला ते माहीतच नव्हतं, चित्ता मादीला माहीत होतं. या वेळी लपणं वगैरे फार नाही, साठेक मीटर चालत गेली आणि मग ती एकदम लांब झाली. दुसरा शब्द सुचत नाही मला. पाठ वाकते आणि सरळ होते, मागचे पाय पुढच्यांच्या पुढे येऊन पडतात, शेपटी सुकाणूसारखी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि डोकं मात्र जराही हलत नाही. पिल्लू उठलं, दोनदा वळलं, तिसऱ्या वळणाला तिने पंजा मारला, धूळ उडाली, संपलं. दहा-बारा सेकंद असतील. चित्ता मोकळ्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो असं आपण सगळेच वाचतो, पण मला वेगापेक्षा ती वळणं आठवतात, त्याच्या नखांना मांजरासारखं पूर्ण आत जाता येत नाही, खिळ्यांच्या बुटांसारखी ती जमिनीत रुततात म्हणून तसं वळता येतं. ताईच्या हातात दुर्बीण होती, ती तिने डोळ्याला लावलीच नाही.

मग तिने लगेच खाल्लं नाही. गळा धरून बसली, आणि सोडल्यावर नुसती धापा टाकत राहिली, बरगड्या भात्यासारख्या. आणि त्या धापांच्या मध्ये चिऊ, चिऊ. तिन्ही पिल्लं उड्या मारत आली. खाताना सुद्धा ती तीन घास घेणार आणि मान वर करून चारही बाजूला बघणार, डोळ्यात तेल घालून. बरोबरच होतं तिचं. आधी एक गिधाड वर घिरट्या घालायला लागलं, मग दोन, मग पाच, आणि गाईड म्हणाला की आता लांबच्या तरसाला पण कळलं, तरसं गिधाडांवर नजर ठेवून असतात.

वीस मिनिटांत तरस आलं. एकटंच, ते त्याचं डुलत पळणं. तिने दोन्ही पुढचे पाय एकदम जमिनीवर आपटले, दात काढून फिस्स केलं, तेवढ्या वेळात पिल्लं मागे पळाली, आणि मग ती सुद्धा निघाली. अर्धीअधिक शिकार तिथेच. माझा गळा दाटून आला. मी म्हटलं एकच तर आहे, का नाही लढली? गाईड म्हणाला तिचं वजन चाळीस-पन्नास किलो, सगळं शरीर पळण्यासाठी हलकं केलेलं, तरस तिच्यापेक्षा भारी आणि जबडा हाड फोडणारा. पाय दुखावला तर ती पळू शकणार नाही, ती पळाली नाही तर चौघं मरतील. जेवण काय, परवा परत मिळेल.

आणि मग त्याने जे सांगितलं त्यासाठी मी त्याची आभारी आहे. तो म्हणाला तुम्ही लोक तरसावर फार लवकर रागावता. संध्याकाळी तो आम्हाला मुद्दाम तरसांच्या बिळांपाशी घेऊन गेला. तिथे दोन काळीकुळकुळीत पिल्लं होती, ठिपकेवाल्या तरसाची पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडे ठेवून आणि दात घेऊन, अंगावर ठिपके नंतर येतात. एक माझ्याकडे बघत बघत गाडीच्या सावलीपर्यंत आलं, टायर हुंगला आणि परत गेलं. आई बाहेर आडवी पडून पाजत होती. टोळीत मादीचंच राज्य असतं, सगळ्यात खालची मादी सुद्धा बाहेरून आलेल्या नराच्या वर. आणि तरस नुसतं चोरून खातं हेही खरं नाही, तरसं बरीचशी शिकार स्वतःच करतात, उलट सिंहच किती वेळा त्यांची हिसकावून घेतात. सकाळचं ते तरस याच बिळाचं होतं की नाही कोण जाणे, पण माझा राग तिथे उतरला तो उतरलाच.

बाकीचं भराभर सांगते. बिबट्या तालेक नदीच्या काठी एका सॉसेज ट्रीवर (सॉसेजसारखी लांब फळं लोंबणारं झाड), चाळीस मिनिटं नुसती शेपटी आणि एक लोंबता पाय, फांदीवर अडकवलेला इंपाला, मग एकदा कूस बदलली तेव्हा चेहरा. मारा नदीवर कळप ओलांडतील म्हणून तीन तास उन्हात बसलो, हजारो विल्डबीस्ट काठावर दाटले, एक झेब्रा पाण्यात पाय घालून परत फिरला आणि त्याच्यामागे सगळा कळप फिरला, नदी ओलांडलीच नाही. हत्तींचा कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी गेला, पावलांचा आवाज येतच नाही त्यांच्या, फक्त गवत उपटल्याचा.

सिंह तर खूप बघितले, पण जवळजवळ सगळे झोपलेले, दिवसातले वीस वीस तास झोपतात ते. एक सिंहीण गाडीच्या चाकाला लागून सावलीत येऊन बसली तेव्हा तिच्या मिशांच्या मुळाशी असलेले ठिपके नीट बघता आले, ते प्रत्येक सिंहाचे वेगळे असतात आणि अभ्यासक त्यावरूनच एकेकाला ओळखतात. पण सिंह मला खरा भेटला तो रात्री, तंबूत. दोनच्या पुढे कधीतरी पहिली डरकाळी झाली. ती आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते म्हणतात, आमच्यापासून किती लांब होता माहीत नाही, पण कानाआधी ती छातीत आणि पलंगाच्या लोखंडात जाणवली. आधी मोठ्या, लांब, मग तुटक तुटक, शेवटी नुसता खोकल्यासारखा हुंकार. ताई अंधारातच म्हणाली, "जागी आहेस?" मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी काही बोललो नाही, त्याचं संपेपर्यंत.

कोणी जाणार असेल तर एवढंच सांगते, निघण्याआधीच गाईडशी बोलून घ्या की आम्हाला गर्दीत जायचं नाहीये, मागे घे म्हटलं तर गाडी मागे घे. त्यांना वाटतं आपल्याला जवळूनच फोटो हवा असतो, नाही मिळाला तर आपण नाराज होऊ, म्हणून ते पुढे घालतात. आम्ही सांगितल्यावर दोन्ही गाईडांना उलट बरंच वाटलं. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी न्या, एकीत दोघांचं भागत नाही. आणि प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत ठेवूच नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

शेवटच्या सकाळी, विमानपट्टीवर जायच्या आधी तास-दीड तास हाताशी होता. आम्ही त्याच वारुळापाशी गेलो. ती नव्हती. वारुळाच्या माथ्यावर माती तिच्या बसण्याने गुळगुळीत झालेली आणि पायथ्याशी काळ्या मातीत पिल्लाचा एक पंजा उमटलेला, माझ्या अंगठ्याएवढा, पुढे नखांच्या चार बारीक टोचण्या. आजूबाजूला बराच वेळ बघितलं, काही नाही. मग गाईडने पलीकडच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. तिथे एक टोपी उभा होता, आमच्याकडे पाठ करून, खाली ओढ्याच्या दिशेने टक लावून. गाईडने घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता गाडी तिकडे वळवली.